शिजिमीचं मौन कोणी मोडलं

९ फेब्रुवारी

कोडच्या एका ओळीची खरी किंमत मांडून ठेवतो, मागाहून विसरायला होतं.

मिसाओच्या भाचीच्या लग्नात सगळे भाजलेल्या टाय माशाला हात घालत होते, तेव्हा मी मांडीवर लॅपटॉप घेऊन गाडीत बसलो होतो. नवरीच्या बापाने खिडकीवर टकटक केली तर त्यालाही ‘एक मिनिट’ म्हणालो. उजवीकडची दाढ दाखवायची राहिली, आता ती काढावीच लागेल असं दिसतं. इझुमोच्या गिऱ्हाइकाला दोनदा फिरवलं. तिसऱ्यांदा तो दुसरीकडे जाईल. आणि मिसाओने परवापासून मला ‘अहो’ म्हणणं बंद केलंय. काम पडलं तर नुसती भांडी वाजवते.

ओळ मात्र देखणी झाली. एवढीशी आहे. जगात दुसऱ्या कोणाला सुचली नसती, हे मी इथे लिहू शकतो, कारण ही वही डॉक्टरांनी रक्तदाब लिहायला दिलीय आणि डॉक्टर माझं अक्षर वाचू शकत नाहीत.

झालं असं. शिजिमी ही आमची संगणकाची भाषा. आमच्या शिंजी तळ्यातल्या त्या काळ्या शिंपल्याचं नाव. दिसायला नखाएवढा, पण सुपाला चव त्याचीच. फुकुमाने ती रचली, मात्सुएला माझ्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत. तो विद्यापीठातून आलेला, मी सोल्डरिंगच्या धुरातून. तो भाषेचा चेहरा बघतो, मी पोट बघतो. प्रोग्रॅम चालताना जो मजकूर वापरून झाला त्याची जागा पुसून दुसऱ्याला द्यायची, हे काम करणारा भाग माझा. त्याला आम्ही ‘झाडूवाला’ म्हणतो. कोणीही ही भाषा फुकट घ्यावी, कोणीही तिचा कोड उघडून वाचावा, चूक दिसली तर सांगावी.

एस्तोनियाच्या मारितला चूक दिसली. आमची तपासणीची यंत्रं ती सांभाळते. लांब मजकुरातून तुकडा कापला की तो तुकडा मूळ मजकुराच्याच जागेत डोकावत राहतो. झाडूवाल्याला वाटतं, मूळ मजकूर संपला. तो जागा पुसून दुसऱ्याला देतो. म्हणजे भाडेकरू बदलला, तरी जुन्याची खिडकी तिथे उघडीच. त्या खिडकीतून दुसऱ्याचा पासवर्ड दिसेल, दुसऱ्याचा आजार दिसेल. ती खिडकी लावून घेते ती माझी ओळ.

अशा चुकीला आमच्यात रिवाज आहे. दुरुस्ती तयार होऊन सगळ्यांना मिळेपर्यंत कोणी ब्र काढायचा नाही. मौन. दहा मार्चला नवी आवृत्ती काढायची ठरलंय. तोवर ही गोष्ट मारित, फुकुमा आणि मी एवढ्यांतच. मुख्य मंडळातल्या बाकीच्या चौघांनाही सांगायचं नाही.

माझ्यापुरती काळजी नाही. कान तीक्ष्ण आणि तोंड बंद, याच भांडवलावर मी धंदा उभा केला.

१४ फेब्रुवारी

माझ्या ऑफिसातल्या मुलींनी नेहमीप्रमाणे व्हॅलेंटाइनचं चॉकलेट दिलं, आमच्याकडे ते बायकांनी पुरुषांना द्यायचं असतं. मालकाला द्यायचं म्हणून दिलेलं चॉकलेट लगेच ओळखू येतं, किमतीचं लेबल नीट खरवडलेलं असतं.

जुन्या तीन आवृत्त्यांना अजून ठिगळ लावायचंय. पण शिस्त म्हणजे शिस्त. दुरुस्ती केली की तिची चाचणी लिहायची, ती टाकूनच जेवायला उठायचं. नवशिक्यांना मी हेच ऐकवत आलोय. दुरुस्ती मौनात आहे म्हणून ती कोडच्या बंद भांडारात ठेवली, जे फक्त आम्ही तिघे उघडू शकतो. चाचणी बिचारी साधी: एक लांब मजकूर, त्याचा तुकडा, झाडूवाल्याला हाक, आणि तुकडा जागेवर आहे ना ते बघायचं. तिच्यात दुरुस्तीचा शब्दही नाही. माझ्या यंत्रावर चालवली, पास झाली. उघड्या भांडारात टाकून मोकळा झालो. आवृत्तीच्या दिवशी तेवढीच घाई कमी.

मिसाओ आज ‘अहो’ म्हणाली. चॉकलेट अर्धं तिला दिलं होतं.

१५ फेब्रुवारी

फुकुमाने माझी चाचणी काढून टाकली! ‘अस्थिर वाटली, तूर्त काढतो’, एवढीच टीप. मला न विचारता. इतक्या वर्षांत माझ्या चाचणीला याने हात लावला नव्हता. फोन केला.

“काय रे, माझ्या चाचणीने तुझं काय घोडं मारलं?”

“काही नाही हो, कजितानी-सान. आवृत्तीनंतर परत टाकू की.”

“अस्थिर कुठे होती? माझ्याकडे पास होते.”

“तुमच्याकडे होते ना,” तो म्हणाला आणि हसला. हसणं बरं नव्हतं. मी आयुष्यभर लोकांचे बिघडलेले स्पीकर ऐकलेत. आवाज फाटला की मला कळतं.

१७ फेब्रुवारी

दुपारी देवळाजवळच्या सोब्याच्या, म्हणजे आमच्या शेवयांच्या, दुकानात गेलो. फुकुमा आधीच आत होता, लाकडी आडोशाच्या पलीकडे, पाठ माझ्याकडे. फोनवर इंग्रजीत बोलत होता. त्याचं इंग्रजी मला जपानीपेक्षा लवकर कळतं, कारण तो सावकाश बोलतो.

“ते बाहेर गेलंय, आता परत आत कसं येणार... नाही. कजितानींना अजिबात कळता कामा नये. दहा तारखेपर्यंत तरी नाहीच. मी निस्तरतो.”

माझे वाडगे समोर आले. तीन मजले सोबा, वर मुळ्याचा कीस. मी एकच मजला खाल्ला.

तो उठल्यावर मला बघून दचकला. म्हणाला, “अरे! कधी आलात?” मी म्हणालो, “आत्ताच.” मग त्याने माझं बिल भरलं. फुकुमा कधी माझं बिल भरत नाही, ते मीच भरतो.

१९ फेब्रुवारी

आता त्याला नवी आवृत्ती पुढच्या सोमवारी काढायचीय!

“दहा मार्च कशाला? ताज्या आवृत्तीपुरती तरी काढून टाकू. जुन्यांची मागून.”

“आणि जुन्या वापरणाऱ्यांनी काय पाप केलंय? आपण दुरुस्ती काढली की ती वाचून भोक कुठे आहे ते जगाला कळणार. जुनी आवृत्ती चालवणारे उघड्यावर.”

“कजितानी-सान, माझं ऐका. या खेपेला घाई बरी.”

“कारण सांग.”

तो म्हणाला, “कारण आवृत्तीनंतर सांगतो. सोबा खाता खाता.”

मी नाही म्हणालो. माझं काम मी अर्धवट बाहेर सोडत नाही. टीव्ही उघडा ठेवून गिऱ्हाइकाला दिला असता तर आज मी कुठे असतो?

पण विचार डोक्यातून जाईना. गेल्या ऑगस्टपासून फुकुमा तोक्योच्या एका बड्या कंपनीकडे नोकरीला आहे. मुख्य मंडळातला माणूस आपल्या पदरी आहे, हे मिरवायला त्यांनी त्याला घेतलंय. घरी बसून शिजिमीचंच काम करायचं आणि पगार त्यांनी द्यायचा. तेव्हा मी त्याच्या पाठीवर थाप मारली होती. आता वाटतं, पगार देणाऱ्याला काहीतरी आधी हवं असतंच.

हे लिहिलं आणि लाज वाटली. खोडत मात्र नाही.

२४ फेब्रुवारी

फुटलं.

सकाळी ऑफिसात पोचलो तर सगळे एकाच पडद्यासमोर उभे. कोणीतरी निनावी माणसाने हल्ला कसा करायचा तो कोडच चव्हाट्यावर टाकलाय. खिडकी, भाडेकरू, सगळं. दुपारपर्यंत पश्चिमेकडच्या एका दातांच्या दवाखान्यांच्या साखळीतल्या रुग्णांची नावं आणि फोन बाहेर पडले. कोणाला कवळी बसवायचीय, कोणाला कसलं औषध चालत नाही, सगळं.

फुकुमा आणि मारितबरोबर दिवसभर फोनवर. तिघे मिळून होतं तेवढं गोळा करून आवृत्ती काढली. जुन्या तीनांपैकी एकीचं ठिगळ अर्धवटच गेलं. फुकुमाने एकदाही म्हटलं नाही की ‘मी सांगत होतो’. त्याचं हे गप्प बसणंच मला खटकलं. निर्दोष माणूस म्हणाला असता.

२६ फेब्रुवारी

तीन माणसांना माहीत होतं. मारितने स्वतःच चूक शोधली. तिला फोडायची असती तर आम्हाला सांगितलंच नसतं. मी फोडली नाही. राहिलं कोण?

शिवाय फोनवरचे शब्द मी या कानांनी ऐकले. ‘ते बाहेर गेलंय.’ ‘कजितानींना कळता कामा नये.’ वर घाई. वर चाचणी काढून टाकली, म्हणजे बाकी कोणाला सुगावा लागू नये. फुकुमाने स्वतः विकली असं मी म्हणत नाही. त्याने आपल्या मालकांना कानात सांगितलं असेल आणि तिथून ती पाझरली असेल. पण मौन त्याच्याकडून मोडलं.

ज्या खोलीचं भाडं मी त्याच्याकडून कधी घेतलं नाही, त्या खोलीत बसून ही भाषा झाली. दुसरं कोणी असतं तर मी शिव्या घालून मोकळा झालो असतो. इथे एक शिवीही लिहवत नाही.

२८ फेब्रुवारी

मंडळाची बैठक झाली, पडद्यावर. आम्ही सातजण. प्रास्ताविक वगैरे केलं नाही. जे ऐकलं ते तारखेसकट वाचून दाखवलं.

बाकीच्या चौघांचे चेहरे बर्फासारखे. फुकुमा खाली बघत होता.

“हे शब्द तुझे आहेत की नाहीत?” मी विचारलं.

“माझे आहेत.”

“मग काय बाहेर गेलं होतं?”

तो कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, “कजितानी-सान, हे तुम्ही माझ्या घरी येऊन का नाही विचारलंत?”

“घरी आलो असतो तर तू चहा पाजला असतास.”

“हो. पाजला असता.”

तेवढ्यात मारितने तोंड उघडलं. “मला इथे एक सांगायचंय, ते...”

“मारित, नको,” फुकुमा म्हणाला. तिला मी कधी कोणाचं ऐकताना पाहिलं नाही, पण ती गप्प बसली. मी मनात म्हटलं, हिलाही सामील केलंय.

“मी उत्तर देणार नाही,” फुकुमा म्हणाला. “सगळं उघड्यावर आहे. ज्याला बघायचंय त्याने बघावं. वीस वर्षांनंतर तुम्हाला असं वाटू शकतं, एवढं मला आज कळलं. पुरे.”

कोडमध्ये लिहिण्याचा हक्क काढून घ्यायचा का, यावर मत घ्यायची वेळ आलीच नाही. त्याने आपणहून किल्ली परत केली आणि पडद्यावरची त्याची चौकट विझली. सहा उरलो.

मी जिंकलो. रक्तदाब मोजला, तो लिहीत नाही.

३ मार्च

बाहुल्यांचा सण. आमची मुलगी ओसाकाला, नातीचा फोटो आला.

मिसाओला सगळं सांगितलं. ती तांदळाची पेज ढवळत ऐकत होती.

“मग त्यांनी काय सांगितलं?”

“काही नाही. उत्तर देणार नाही म्हणाला.”

“अहो, पण मग तुम्ही ऐकलंत काय?”

“फोनवरचं ऐकलं ना!”

“ते अर्धं. समोरच्याचं कुठे ऐकलंत?”

मी म्हणालो, “मी माणूस आवाजावरून ओळखतो.”

“हो तर. आपल्या भाचीच्या सासऱ्यांचा आवाज ऐकून तुम्ही म्हणाला होतात, माणूस आजारी दिसतोय. ते गाणं म्हणत होते.”

तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. पण एक सांगतो. फुकुमा येईल. माझा आवाज कानावर पडला की हातातलं काम टाकून जिना उतरणारा माणूस आहे तो. गेली वीस वर्षं हेच बघतोय. बायको जेवायला हाक मारून थकते, मी खालून नुसता खाकरलो तरी हा हजर. महिन्याभरात मिठाईचा डबा घेऊन, मान खाली घालून माझ्या दारात उभा राहील. तेव्हा मी काय बोलायचं तेही ठरवून ठेवलंय. फार ताणणार नाही.

१३ मार्च

जगभरातून मेल येताहेत. ‘कटू असलं तरी योग्य केलंत.’ ‘शिजिमीचा विश्वास तुमच्यामुळे टिकला.’ एका जर्मनाने तर मला तळ्यावरचा दीपस्तंभ म्हटलंय. आमच्या तळ्याला दीपस्तंभ नाही.

फुकुमाच्या नावाने मात्र लोक वाटेल ते लिहिताहेत. दातांच्या दवाखान्यातल्या एका म्हातारीला कोणी फोन करून फसवलं म्हणे, तेही याच्या माथी. ते वाचून बरं वाटायला हवं होतं. एक-दोन ठिकाणी मी लिहिलंसुद्धा, की जरा सबुरीने घ्या. तर मलाच मोठ्या मनाचा म्हणाले.

१८ मार्च

न्हाव्याकडून कळलं. तोक्योच्या कंपनीने फुकुमाला काढलं. मंडळावर नसलेला माणूस त्यांना काय कामाचा? घराचे हप्ते अजून चालू आहेत, त्याची बायको सायोको-सान पुन्हा शिवणाच्या शिकवण्या घेतेय. न्हावी वस्तरा धरून म्हणाला, “तुमचा दोस्त ना तो? केस कापायलाही येत नाही.”

मी म्हणालो, “कानाशी जरा जपून.”

तळ्याकाठून चालत घरी आलो. शिंपल्यांच्या होड्या परतत होत्या. असं वाटत होतं की कोणीतरी माझंच काहीतरी चोरलंय आणि तक्रारही मलाच लिहून घ्यायचीय. विश्वासघात त्याने केला आणि झोप माझी उडाली, हा कुठला न्याय?

२३ मार्च

काम बरं. अर्धवट गेलेल्या जुन्या आवृत्तीचं ठिगळ आज पुरं केलं. ठिगळ लावण्याआधी काय होतं ते बघावं म्हणून कोऱ्या यंत्रावर जुनी आवृत्ती चढवली आणि माझी ती चाचणी चालवली. बाप रे. तुकड्यात दुसऱ्याच प्रोग्रॅमचा मजकूर धडधडीत दिसायला लागला. चाचणी उत्तम लिहिलीय याची खात्री पटली. भोक नेमकं कुठे आहे ते बोट ठेवून दाखवते.

मग त्या निनावी माणसाचा हल्ल्याचा कोडही पहिल्यांदा नीट वाचला. इतके दिवस किळस वाटत होती. मांडणी हुबेहूब माझ्यासारखी! लांब मजकूर, तुकडा, झाडूवाल्याला हाक, याच क्रमाने. मी मजकूर लांबवायला जी युक्ती करतो तीसुद्धा. चोर असला तरी कारागीर आहे. चांगले कारागीर एकसारखाच विचार करतात, हे मी दुकानातल्या पोरांना नेहमी सांगायचो.

काहीतरी टोचत राहिलं, पण दाढ असेल.

२९ मार्च

मारितचा फोन. कॅमेरा बंद ठेवून.

“कजितानी-सान, मी एक वचन मोडतेय. फुकुमांना वाईट वाटेल. पण त्यांची नोकरी गेल्याचं मला काल कळलं. आता नाही राहवत.”

“बोल.”

“चौदा फेब्रुवारीला तुम्ही उघड्या भांडारात एक चाचणी टाकलीत.”

“टाकली. पास होती ती.”

“तुमच्या यंत्रावर.”

“हो, माझ्या यंत्रावर, मी स्वतः...”

आणि मी थांबलो. पुढचं वाक्य तिने म्हणायच्या आधीच मला ऐकू आलं.

“तुमच्या यंत्रावर दुरुस्ती होती,” मारित म्हणाली. “माझ्या यंत्रांवर नव्हती. तिथे चाचणी नापास झाली. सगळ्या यंत्रांवर. आणि आमची निकालाची पाटी उघडी असते, लाल झाली की अख्ख्या जगाला दिसते. खाली तुमची चाचणी, आणि तुकड्यातून बाहेर पडलेला परका मजकूर. मी फुकुमांना उठवलं, त्यांनी लगेच काढून टाकली. तोवर कोणीतरी उतरवून घेतली होती.”

“सोब्याच्या दुकानातला फोन...”

“मीच होते पलीकडे.”

मी खुर्चीचा हात धरला.

“मला का नाही सांगितलंत?”

“मी म्हणाले होते, सांगू या. ते म्हणाले, कजितानी-सानना आत्ता कळलं तर त्यांचे हात थरथरतील, आणि जुन्या आवृत्त्यांचं काम त्यांच्याशिवाय कोणाला जमणार नाही. कोणी उतरवलं असलं तरी त्याच्या लक्षात येईलच असं नाही. लवकर आवृत्ती काढू, मग सोबा खाताना सांगेन. ते रागावतील, मग हसतील. असं म्हणाले.”

“बैठकीत तरी बोलायचं!”

“मी बोलत होते,” ती म्हणाली. “त्यांनी नको म्हटलं. नंतर मी विचारलं, का? तर म्हणाले, आता पुरावा देऊन मिळालेला विश्वास घेऊन मी काय करू?”

फोन ठेवल्यावर बराच वेळ पंख्याचा आवाज ऐकत बसलो. बिघडलेला नव्हता.

३० मार्च

राग अजून त्याचाच येतोय, हे लिहून ठेवतो, कारण ते खरं आहे. सांगितलं असतं तर मी मरणार नव्हतो! मला न सांगता मला सांभाळायचं, हे कोणी ठरवलं? मी काय काचेचं भांडं आहे? मला लपवून जपलं, म्हणून मी त्याला चव्हाट्यावर मारलं. त्याने फसवलं असं म्हणायला मला अजूनही एक खुंटी हवीय. मिसाओला हे सगळं म्हणून दाखवलं. ती म्हणाली, “अहो, आणि आवृत्ती सोमवारी काढू म्हणाले तेव्हा नाही कोण म्हणालं?”

ती खुंटीही गेली.

दुपारी जाहीर लिहिलं. पहिल्या मसुद्यात ‘दुर्दैवाने चाचणी प्रसिद्ध झाली’ असं होतं. मिसाओने वाचून विचारलं, चाचणी आपोआप चालत गेली का? मग लिहिलं: मौन मी मोडलं. चाचणी मी टाकली. फुकुमा नोरिआकी यांनी ती काढली, घाई करा म्हणाले, आणि मी ऐकलं नाही. त्यांच्यावर केलेला आरोप खोटा होता. तो मी केला.

पाठवलं. जर्मनाचं काही आलं नाही. हल्ल्याची बातमी ज्यांनी मोठ्या अक्षरात दिली होती, त्यांनी ही बारीक दिली. कंपनीलाही स्वतंत्र कळवलं. उत्तर आलं की माहितीबद्दल आभार, जागा भरली गेली आहे.

मंडळाने फुकुमाला किल्ली पुन्हा देऊ केली. निमंत्रण त्याच्याकडे पोचल्याचं दिसतं. स्वीकारलेलं दिसत नाही.

२ एप्रिल

सकाळी किल्ल्याजवळच्या जुन्या दुकानातून मिठाईचा डबा घेतला, हिरव्या पिठीत घोळलेली ती मऊ वडी, फुकुमाला आवडते ती. मालकिणीने विचारलं, भेट की क्षमा? कारण कागद वेगळा असतो. मी म्हणालो, “क्षमा.” तिने साधा पांढरा कागद घेतला आणि दोरी बांधली नाही.

फुकुमाच्या दारात काळा कोट घालून उभा राहिलो. सायोको-सानने दार उघडलं. मी कमरेत वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. तिच्या पायांतल्या चपलांवर टाके घातलेले होते.

“आत या,” म्हणायची तिची सवय. या घरात ते वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की बूट आपोआप सुटतात. आज ती काही म्हणाली नाही.

“त्यांना भेटायचं होतं,” मी म्हणालो.

“ते घरी नाहीत हो.” आवाज शांत, अगदी नीट.

वरच्या मजल्यावर टायपिंग चालू होतं. तो कीबोर्ड मी ओळखतो, त्याच्या स्प्रिंगा मीच दोनदा बदलल्यात. शेवटची कळ दाबली की जरा घोगरा आवाज येतो. सायोको-सानलाही ऐकू येत होतं. मला ऐकू येतंय, हेही तिला कळत होतं. आम्ही दोघांनी नजर चपलांवर ठेवली.

“मी जे लिहिलं ते त्यांनी वाचलं का?”

“वाचलं.”

“काही म्हणाले?”

“दवाखान्यातल्या त्या आजीबाईंचं पुढे काय झालं, विचारत होते. त्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नव्हतंत म्हणून.”

मला ते सुचलंच नव्हतं.

तिने डबा दोन्ही हातांनी घेतला, रीतीप्रमाणे वाकली, मीही वाकलो. मग न राहवून जिन्याकडे तोंड करून मोठ्याने हाक मारली. “फुकुमा! मी कजितानी. चूक माझी होती. सगळी माझीच.”

जिन्यात माझा आवाज घुमला. वर खोलीचं दार उघडंच असावं.

टायपिंग थांबलं नाही.